विचारणाऱ्याची खुर्ची

रूथबाईंच्या वर्गात एकच खुर्ची होती, आणि त्या खुर्चीवर रूथबाई कधी बसत नसत.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या खुर्चीवरून झालं. माझं शिक्षण तिसरी, आणि तीही पुरी नाही. मी इंग्रजीच्या बाईंवर लिहायला बसलोय याचं कुणाला हसू येत असेल तर त्यानं इथंच हसून घ्यावं आणि मग पुढं वाचावं. आमच्या कोल्हारात आता हमरस्त्याला इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्यांच्या पाट्या लागल्यात. नातू सांगतो, आजोबा, तिथं थंडगार हवा असते. असू दे. आमच्या इथं प्रवरेच्या कोरड्या पात्रात, तापलेल्या वाळूत, इंग्रजी शिकवली गेली आहे. मी बघितलंय. मी शिकलो नाही, पण बघितलं सगळं.

दुष्काळाचं साल होतं. हमरस्त्याला एसटी स्टँडच्या अंगाला माझं पंक्चरचं दुकान होतं. पत्र्याची शेड, एक हातपंप, आणि ट्यूब बुडवून बघायला पाण्याचं घमेलं. प्यायला पाणी नव्हतं तिथं घमेल्याला कुठून आणायचं? तेच पाणी मी दिवसच्या दिवस वापरायचो. ते इतकं काळं व्हायचं की बुडबुडा दिसायचा नाही, कानानं ऐकावा लागायचा.

बाई आल्या त्या भावाची सायकल ढकलत. उंच, वाळक्या अंगाच्या, निळ्या काठाचं पांढरं पातळ, पायात गड्यांनी घालायच्या कातडी वहाणा. हातात छत्री. पावसाचा पत्ता नसताना छत्री कशाला हे त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती. मिशनच्या शाळेत उभा जन्म इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि आमच्या ख्रिस्ती वस्तीत भावाकडं राहायला आल्या होत्या. मला म्हणाल्या, "सलाम." ख्रिस्ती वस्तीत तसंच म्हणतात. मी म्हणालो, रामराम. मी ट्यूब घासत बसलो, तर बाई शेडच्या मागच्या अर्ध्या रिकाम्या जागेकडं बघत उभ्या.

"हे मागचं कुणाचं?"

"माझंच हाय."

"संध्याकाळी तिथं काय असतं?"

"काय न्हाई."

"मग उद्यापासून वर्ग असेल," म्हणाल्या, आणि सायकल घेऊन गेल्या. परवानगी मागितली नाही, आभार मानले नाहीत. मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मीच ती जागा झाडून ठेवली.

संध्याकाळी बाईंचा भाऊ एक सागवानी खुर्ची डोक्यावर घेऊन आला. उजवा हात मोडलेली. तिचीही गोष्ट आहे. शाळेनं निरोपाला बाईंना शाल द्यायची ठरवली होती. बाईंनी सांगून पाठवलं, शाल नको, माझ्या वर्गातली खुर्ची द्या. शाळेला वाटलं, बाईंना आठवण म्हणून हवी असेल. आठवणीबिठवणीत जीव अडकणारी ती बाई नव्हती. त्यांना ती खुर्ची कामाला हवी होती.

वर्गाला माणसं कोण, तर खडी फोडायच्या कामावरून सुटलेल्या दोन-चार बाया, माझ्या शेजारचा रहीमभाई शिंपी आणि एसटी स्टँड झाडणारी कोंडाबाई. फी नाही, पाटी नाही, पुस्तक नाही. आणि उत्तरं शिकवायची नाहीत. फक्त प्रश्न.

रहीमभाईनं पहिल्याच दिवशी विचारलं, की बाई, आधी बोलायला शिकवा, मग विचारायचं बघू. त्यावर बाईंनी जे सांगितलं ते मी पान्हा हातात धरून ऐकलं, म्हणून जसंच्या तसं आठवतं.

"उत्तरं तुम्ही जन्मभर देताय. कचेरीत बघा, दवाखान्यात बघा. बसलेला माणूस विचारतो आणि उभा माणूस उत्तर देतो. तुम्हाला आजवर कुणी खुर्चीवर बसवून म्हटलंय का, की आता तुम्ही विचारा? इथं जो विचारेल तो बसेल. ज्याला विचारलं तो उभा राहील. आणि विचारणारा उठेपर्यंत उत्तर देणाऱ्यानं बसायचं नाही."

हा त्यांचा कायदा. तो त्यांनी स्वतःलाही लावला. त्या विचारायच्या नाहीत, त्यामुळं बसायच्या नाहीत. छत्रीवर रेलून उभ्या. आणखी एक होतं. ज्याचं उत्तर ठाऊक आहे ते विचारायचं नाही. रहीमभाईनं एकदा कोंडाबाईला इंग्रजीत विचारलं की तू कुठली. बाई म्हणाल्या, हे तुम्हाला ठाऊक नाही का? तो म्हणाला, ठाऊक आहे. त्यावर बाई, मग उठा खुर्चीवरून, दुसऱ्याला बसू द्या.

वर्गातल्या प्रत्येकाला त्या "तुम्ही" म्हणायच्या. स्टँड झाडणाऱ्या कोंडाबाईला जन्मात कुणी "तुम्ही" म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा बाई म्हणाल्या तेव्हा तिनं मागं वळून बघितलं, कोण आलंय म्हणून. मला मात्र "तू". मी वर्गात नव्हतो ना. दोनतीनदा म्हणाल्या, बबन, ये, बस. मी म्हणालो, मला कुणाला काय विचारायची गरज पडत न्हाई. "मग बुडबुडे ऐकत बस," म्हणाल्या.

इंग्रजीत बारके बारके शब्द असतात. इन, ऑन, ॲट, फॉर, फ्रॉम, विथ. बाई त्यांना पाचर म्हणायच्या. कुदळीचं लोखंड दणकट असेल, दांडा बाभळीचा असेल, पण पाचर ठोकली नाही तर पहिल्याच घावाला लोखंड निसटणार आणि शेजारच्याच्या नडगीवर बसणार. हे खडी फोडणाऱ्या बायांना सांगायला लागत नव्हतं. कुणी चुकलं तर बाई चूक म्हणायच्या नाहीत. छत्रीचं टोक जमिनीवर आपटायच्या. "पाचर ढिली आहे. हलतंय बघा." मग तो माणूस एकेक बसवून बघणार. वेअर आर यू कमिंग ऑन? ढिली. वेअर आर यू कमिंग ॲट? ढिली. वेअर आर यू कमिंग फ्रॉम? तेव्हा मान हलवायच्या. "बसली." आणि कमरेच्या डबीतून एक लवंग काढून त्या माणसाच्या हातावर ठेवायच्या. शाबासकी ती एवढीच. रहीमभाईनं दोन लवंगा मिळवून एक बायकोला नेऊन दाखवली होती.

कोंडाबाई का शिकत होती ते सांगायला पाहिजे. तिचा नवरा नगरच्या दवाखान्यात होता तेव्हा ही उशाशी उभी असायची. डॉक्टर यायचे, एकमेकांत इंग्रजीत बोलायचे, बाटली बदलायचे, जायचे. कुणी वाईट वागलं नाही, तिची तशी तक्रारही नव्हती. फक्त त्या बाटलीत काय आहे, कशासाठी आहे, हे तिला विचारता आलं नाही. मराठीत विचारायचं तर तेही सुचलं नाही, कारण विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. नवरा गेला. ही परत येऊन स्टँड झाडायला लागली. वर्गात तिला खुर्चीवर बसवलं तेव्हा तिनं पहिला प्रश्न मागून घेतला. हे कशासाठी, असं कसं म्हणत्यात बाई? बाईंनी सांगितलं. व्हॉट इज दिस फॉर? त्यानंतर ती दिसेल त्या वस्तूला हात लावून तेच म्हणायची. माझ्या पंपाला. घमेल्याला. रहीमभाईच्या बटणाला. लोक हसायचे, म्हणायचे कोंडाबाईला लागीर झालं. ती म्हणायची, "झालं तर झालं. आता उतरत न्हाई."

एकदा स्टँडसमोर जीप थांबली. दुष्काळ बघायला आलेले कुणी होते, एक गोराही होता. टँकरची वाट बघत बाया हंड्यांवर बसल्या होत्या, पदराची शुद्ध नाही. त्यानं कॅमेरा काढून डोळ्याला लावला. कोंडाबाई झाडू घेऊन सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि सावकाश, एकेक शब्द ठेवत म्हणाली, "व्हॉट आर यू लुकिंग ॲट?"

गोऱ्यानं कॅमेरा खाली घेतला. चेहरा लाल झाला त्याचा. काहीतरी म्हणाला, त्यातलं सॉरी मला कळलं. बरोबरचा साहेब मराठीत कोंडाबाईवर खेकसायला लागला, तर गोऱ्यानंच त्याला हात धरून थांबवलं.

संध्याकाळी वर्गात हे सांगितलं तेव्हा मला वाटलं बाई खूश होतील. त्यांनी एवढंच विचारलं, फॉर का नाही लावलं?

कोंडाबाई म्हणाली, "तो हुडकत न्हवता बाई. नुसता बघत हुता."

बाईंनी डबी उघडली. लवंगा बघितल्या, आणि अख्खी डबीच तिच्या हातात दिली.

आता अण्णासाहेबांचं. आडनाव लिहीत नाही. मोठे बागाईतदार, साखर कारखान्याचे संचालक. माझी शेड उभी होती ती जमीन त्यांची. भाडं घेत नव्हते, राहू दे बबन म्हणाले होते, एवढ्यावर दुकान उभं होतं. माणूस वाईट नव्हता. हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर मी खोटं लिहिलं असं होईल. त्यांना कारखान्यातर्फे परदेशात यंत्रं बघायला जायचं होतं. मराठीत माणूस वाघ, पण तिकडं जाऊन हे कशानं चालतं, हे कशाचं बनलंय, हे कशासाठी, एवढंही विचारता येणार नव्हतं. त्यांनी बाईंना निरोप धाडला, बंगल्यावर येऊन शिकवा, जीप पाठवतो. बाईंनी उलट निरोप धाडला, वर्ग संध्याकाळी असतो, चालत यावं.

आले. पांढरंफेक धोतर, कडक इस्त्रीची टोपी, मागं दोन माणसं. आले ते सवयीनं सरळ खुर्चीवर बसले. वर्ग उठून उभा राहिला.

बाई म्हणाल्या, "सलाम अण्णासाहेब. विचारा."

"काय विचारू?"

"ते तुम्हाला माहीत. खुर्ची विचारणाऱ्याची आहे."

अण्णासाहेब हसले, बरं म्हणाले, उठले. त्यांना वाटलं, रीत असेल काहीतरी. मग बाईंनी कोंडाबाईकडं बघितलं, कारण त्या दिवशी नंबर तिचा होता. कोंडाबाई जागची हलेना. बाईंनी छत्री आपटली. ती पुढं झाली, खुर्चीच्या अगदी कडेला टेकली. आणि कायद्यानं अण्णासाहेबांनी तिच्यासमोर उभं राहून उत्तर द्यायचं होतं. एसटी स्टँड झाडणारी बाई बसलेली आणि गावातला सगळ्यात मोठा माणूस समोर उभा. शेडमध्ये असं गप्प झालं की मला घमेल्यातला बुडबुडा ऐकू आला. तिनं तोंड उघडायच्या आत अण्णासाहेबांनी टोपी सारखी केली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस आला. बोलणं गोड होतं. अण्णासाहेब म्हणत्यात, वर्ग चालू द्या, चांगलं काम हाय. फक्त दोन खुर्च्या ठेवा. दुसरी ते स्वतः देतील. नाहीतर मग जागा मोकळी करावी लागेल, दुकानासकट.

रहीमभाई म्हणाला, बाई, काय वाईट हाय त्यात? दोन तर दोन. मलाही ते पटलं होतं, खरं सांगतो. माझं पोट त्या शेडवर होतं.

बाई म्हणाल्या, "दोन झाल्या की त्यातली एक मोठी होते." आणि त्या माणसाला म्हणाल्या, "सांगा त्यांना, बबनच्या दुकानाचा यात काही संबंध नाही. खुर्ची माझी आहे. मी नेते." खुर्ची उचलली, डोक्यावर घेतली, छत्री काखेत, आणि त्या वयात तशा रस्ता ओलांडून नदीकडं चालायला लागल्या. मागून वर्ग.

मला तेव्हा जो राग आला तो अण्णासाहेबांचा नाही, बाईंचा आला. माझं दुकान, माझी जागा, मला धमकी. तर माझं भांडण मलाच करू दिलं नाही. मी काय कुणाच्या पदराखाली लपणारा होतो? मी शिडी लावली आणि शेडचे पत्रे सोडवायला लागलो. बायको रडायला लागली. अंधार पडायच्या आत सगळं रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली नेलं. पंप, घमेलं, पेटी. डोक्यावर पत्रा नाही, पण कुणाचं 'राहू दे'ही नाही. बाई वर्ग आटपून नदीकडून आल्या, लिंबाखाली उभ्या राहिल्या, सगळं बघितलं. मी वर बघितलं नाही.

"बबनराव," म्हणाल्या, "तुम्ही इथं बसलात ते बरं केलंत. सावली आहे."

तेवढा एकदाच तुम्ही. दुसऱ्या दिवसापासून परत बबन, अरे, तू.

नदीत पाण्याचा टिपूस नव्हता. या काठापासून त्या काठापर्यंत नुसती वाळू. खुर्चीचे पाय रुतायचे, बसणारा वाकडा व्हायचा. मग प्रत्येकजण येताना चपटा दगड आणायला लागला, चारी पायांखाली घालायला. पुलावरून जाणाऱ्या एसट्यांतून लोक डोकावून बघायचे, की हे वाळूत काय चाललंय. एक बसलेला, एक उभा, आणि बाकीचे कोंडाळं करून. मीही दुकान बंद करून काठावर जाऊन बसायचो. शिकायला नाही. बघायला.

अण्णासाहेबांची जायची वेळ जवळ आली तसा आणखी एकदा माणूस येऊन गेला. बाईंनी त्याला बसायला वाळू दाखवली. आणि मग एका संध्याकाळी ते स्वतः आले. एकटे. जीप पुलाजवळ ठेवून वाळूतून चालत. बुटांत वाळू भरत होती, चालणं अडखळत होतं. कोंडाळ्याच्या बाहेर येऊन उभे राहिले. बाईंनी या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. खुर्चीवर कोंडाबाई होती. तिनं बाईंकडं बघितलं. बाई पुलाकडं बघत होत्या. मग ती या खेपेला खुर्चीवर नीट मागं सरून बसली.

"व्हॉट आर यू वेटिंग फॉर?"

अण्णासाहेबांनी बूट काढले. पुढं आले. समोर उभे राहिले. घाम पुसला. "आय ॲम वेटिंग," म्हणाले, आणि थांबले. पाचर शोधत होते. वर्गातल्या बायांचे ओठ हलत होते, पण कुणी सांगितलं नाही. "आय ॲम वेटिंग फॉर... नंबर."

"माय नंबर म्हणा," बाई म्हणाल्या. "पाचर बसली."

सगळे झाल्यावर त्यांना नंबर मिळाला. ते खुर्चीवर बसले, कोंडाबाई समोर उभी राहिली. आता त्यांनी विचारायचं होतं, आणि जे ठाऊक नाही ते. फार वेळ गेला. पिढ्यानपिढ्या ज्या गावात दोघांची घरं, त्या गावातल्या या बाईबद्दल आपल्याला काय ठाऊक नाही, हे शोधायला माणसाला तेवढा वेळ लागायचाच. शेवटी सुचलं. शब्द जुळवत जुळवत म्हणाले, "हू डू यू लिव्ह विथ?"

कोंडाबाईला उत्तर शिकवलेलं नव्हतं. पण ते तिला आलं. "आय लिव्ह विथ नोबडी," म्हणाली.

 ती उभी आहे आणि आपण उठल्याशिवाय तिला बसता येत नाही, हे लक्षात आल्यावर अण्णासाहेब चटकन उठले. जाताना बाईंना म्हणाले, "शेडमधी परत या बाई. आता काय अडचण न्हाई."

बाई म्हणाल्या, "इथं बरं आहे. जागा देणारा जागा काढूनही घेतो. नदीचं तसं नाही."

माझ्याकडंही ते आले. बबन, पत्रे लाव परत, म्हणाले. मी म्हणालो, सावली बरी हाय. लिंबाखालचं दुकान मी माझ्या मुलाच्या हाती दिलं, ते अजून लिंबाखालीच आहे.

पुढं नदीला पाणी आलं तेव्हा वर्ग माझ्या लिंबाखाली आला. माणसं वाढली. खुर्चीचा दुसरा हातही मोडला. मग भाऊ वारला, बाईंचे गुडघे धरले, आणि श्रीरामपूरच्या बहिणीनं त्यांना बोलावून घेतलं. जायचं ठरलं तशी खुर्चीची चौकशी सुरू झाली. ग्रामपंचायतीला वाचनालयात ठेवायला हवी होती. रहीमभाईला दुकानात हवी होती. बाईंनी कुणालाच हो म्हटलं नाही.

जायच्या दिवशी स्टँडवर खुर्ची आणून ठेवायला लावली. भर दुपार. एसटी लागलेली, माणसं दाटलेली. बाई म्हणाल्या, "कोंडाबाई, बसा. विचारा."

कोंडाबाई झाडू भिंतीला लावून आली, पदर खोचला आणि त्या गर्दीत खुर्चीवर बसली. बाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या, हात बांधून, एखादी शाळकरी पोरगी असावी तशा. कुठं निघालात हे विचारायचं नव्हतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. कोंडाबाईनं खुर्चीच्या मोडक्या हातावर हात ठेवला.

"हू इज दिस चेअर फॉर?"

 बाई ठणठणीत आवाजात, स्टँडच्या टोकाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "इट इज फॉर यू."

कंडक्टरनं घंटी मारली. बाईंना वर चढवलं. स्टँडवरचा साहेब खिडकीतून ओरडला, ए बाई, ऊठ, रस्त्यात काय खुर्ची टाकून बसलीस. कोंडाबाई उठली नाही. ती उठली असती तर कायद्यानं बाईंना गाडीत बसता आलं असतं, हे तिला ठाऊक होतं. आणि एकदा बसल्या की बाई गेल्या, हेही.

एसटी हलली. मी पंप सोडून रस्त्यावर आलो. आतली शीट रिकामी होती, मला दिसत होती. कंडक्टर शिटेकडं हात करून काहीतरी सांगत होता. बाई मान हलवत होत्या. एका हातात वरची दांडी, एका हातात छत्री, ताठ. गाडी पुलावर चढली, खाली प्रवरेचं पाणी होतं, आणि पूल संपेपर्यंत मागच्या काचेतून बाई उभ्याच दिसत होत्या.